दोन शब्दांचे भरमू आप्पा

आमच्या गावात माणूस गेला की पहिला निरोप पाहुण्यांना जातो आणि दुसरा भरमू आप्पांना. लाकडं, मडकं, पांढरं कापड हे सगळं नंतर. लाकडं आमच्या बोरगावात कधीही मिळतात, वक्ता मिळत नाही.

बाहेरगावच्या माणसाला हे सांगूनच पुढं जायला हवं. निपाणीच्या बाजूला एक वेळ लग्नाला गेलं नाही तरी चालतं, पण मातीला गेलं नाही तर पुढच्या तीन पिढ्या ऐकवतात. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन. नैवेद्य मांडायचा, कावळ्याची वाट बघायची, आणि तो शिवेपर्यंत चार माणसांनी गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे, अशी रीत आहे. घरच्या माणसानं मात्र बोलायचं नसतं. त्यानं खाली बघत बसायचं. बोलणाऱ्या चौघांत तीन पुढारी असतात, त्यांना अजून दोन गावांत रक्षाविसर्जन असतं, म्हणून ते घड्याळाकडे बघत बोलतात. चौथे भरमू आप्पा. ते घड्याळाकडे बघत नाहीत आणि कावळ्याकडे तर नाहीच नाही.

आप्पा साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. पस्तीस वर्षं उसाच्या गाड्या तोलल्या. त्यांच्या तोंडाला मात्र काटा कधी लागला नाही. भाषणाची सुरुवात ठरलेली. डोक्यावरची टोपी नीट करायची, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "बंधू-भगिनींनो, ह्या डोळ्यांनी मी किल्लारीचा भूकंप बघितला. भूजला ढिगाऱ्याखालनं माणसं काढली. त्सुनामी आली तवा मी मद्रासला समुद्राच्या काठाला हुतो. सव्वीस अकराला मुंबईत गोळी माझ्या कानाजवळनं गेली. एवढं बघितल्यालं हे काळीज, पर आज आमच्या नागेंद्राचं जाणं काय सोसत न्हाय."

नागेंद्र ब्याऐंशी वर्षांचा होता. रात्री दोन भाकऱ्या आणि मटणाचा रस्सा खाऊन झोपला, तो सकाळी उठला नाही. असं मरण यावं म्हणून लोक नवस बोलतात. पण आप्पांनी त्याला किल्लारी आणि भूजच्या रांगेत नेऊन बसवलं. गंमत म्हणजे नागेंद्राच्या पोरांना ते फार आवडलं. थोरला बायकोला म्हणाला, "आप्पा झकास बोललं." बाप गेल्याचं दुःख होतंच, पण तो देशपातळीवर गेला याचं समाधान मोठं होतं.

मी निपाणीच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. माझा स्वभाव जरा खडूस आहे. कुणी सन चुकीचा सांगितला तर मला जेवण जात नाही. त्यामुळं आप्पांची ही यादी माझ्या घशात अडकलेली होती. भूजचं खोटं तर मीच पकडलं. भूकंप झाला ती सव्वीस जानेवारी होती. सकाळी झेंडावंदनाला आप्पा रात्रपाळी करून थेट आमच्या मराठी शाळेत आले होते आणि माझ्या शेजारी उभं राहून बुंदी खात होते. दोनदा घेतली. मग मी हट्टालाच पेटलो. कारखान्यातल्या जुन्या माणसांकडे चौकशी केली. त्सुनामी डिसेंबरात, मुंबईवरचा हल्ला नोव्हेंबरात, भूज जानेवारीत. देशावरची संकटं नेमकी गळीत हंगामात येतात, आणि हंगामात काट्यावरच्या कारकुनाला घरच्या लग्नालाही रजा मिळत नाही. किल्लारी तेवढं सुटलं. तेव्हा हंगाम सुरू झालेला नव्हता, आणि गावातून भाकऱ्यांचा एक ट्रक खरंच गेला होता, आप्पा त्यात चढलेही होते.

हे सगळं मी चहाच्या गाड्यावर चारचौघांत वाचून दाखवलं. आप्पा तिथंच बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "रवी, तू तारखा बघतोस. अंगानं मी काट्यावर हुतो, ते खरं. मनानं कुठं हुतो ते रजिस्टरात न्हाय लिवत."

यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना. मला नाही.

मग कोरोना आला. देशावरचं संकट आप्पांना शोधत पहिल्यांदाच त्यांच्या उंबऱ्यापर्यंत चालत आलं. दुसऱ्या लाटेत त्यांच्या बायकोचा, मंगलआक्कांचा, ऑक्सिजन उतरला. मुलगा आदर्श मच्छे गावी एका कारखान्यात कामाला, तो तिकडंच तापानं पडलेला. निपाणीत बेड नव्हता. ॲम्ब्युलन्सवाल्यानं आक्कांना एकटीलाच कोल्हापूरला नेऊन दाखल केलं. आप्पा त्याच दिवशी मागोमाग मोटरसायकलवरून निघाले. तिसऱ्या दिवशी आक्का गेल्या, आणि गावात कळलं की आप्पा पोचलेच नव्हते. "नाक्यावर अडीवलं," एवढंच ते म्हणाले.

एवढ्यावर सगळं गाव पेटून उठलं. का नाही पेटणार? साठ-सत्तर वर्षं दोन राज्यं आम्हा सीमेवरच्यांसाठी भांडताहेत. इकडचे म्हणतात आमचे, तिकडचे म्हणतात आमचे. मोर्चे झाले, कोर्टकज्जे झाले, पाट्यांना काळं फासून झालं. आणि माणसं मरायला लागली तेव्हा दोघांनीही रस्त्यात आडवी पिंपं लावली आणि म्हणाले, तुमचे. या अन्यायावर मीसुद्धा तावातावानं बोललो. वर्गात बोललो, चहाच्या गाड्यावर बोललो. आप्पांचं कधी नव्हे ते खरं असलेलं एक संकट मला हाताशी मिळालं होतं.

आक्कांना तिकडंच अग्नी दिला. कुणी दिला तेही कळलं नाही. आदर्श बरा होऊन तिकडं गेला आणि रक्षा घेऊन आला, तोवर पंधरा दिवस उलटले होते. पाच माणसांच्या वर जमायला बंदी होती. दूधगंगेत रक्षा सोडली आणि माणसं हात धुऊन घरी गेली. साऱ्या पंचक्रोशीच्या मयतांवर बोललेल्या माणसाच्या बायकोबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यानंतर आप्पा भेटेल त्याला एकच सांगायचे, "माझ्या मंगलला कुणी दोन शब्द बोललं न्हाय." ऐकणारा चुकचुकायचा आणि पुढं जायचा. त्या दिवसांत चुकचुकायला माणसं पुष्कळ होती, थांबायला नव्हती.

बंदी उठली आणि आप्पांची भाषणं परत सुरू झाली. यादी तीच. मला वाटलं होतं, आता शेवटी कोरोना येणार, आणि या वेळी मला काही बोलता येणार नाही. पण कोरोना काही आला नाही. एकदा मी चहाच्या गाड्यावर म्हणालो, "आप्पा, यादीतलं एक राहिलं की. जे तुम्ही खरोखर बघितलं तेच गाळता व्हय?" हे बोलताना मी हसत होतो. ते आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते. आप्पा चहा अर्धा ठेवून उठले.

यंदा होळी झाल्यावर शालूबाई गेली. आप्पांच्या गल्लीतली, मंगलआक्कांच्या वयाची. रक्षाविसर्जनाला आप्पा उभे राहिले, टोपी नीट केली. किल्लारी झाली, भूज झालं, मद्रास झालं, मुंबई झाली. आणि मग ते म्हणाले, "आणि कोरोनात..." वाक्य तसंच टाकून मटकन खाली बसले. तेवढ्यात कावळा शिवला. इतक्या लवकर कावळा शिवलेला गावात कुणाला आठवत नव्हता. पुढारी मंडळी खुशीत दुसऱ्या गावाला गेली.

त्याच आठवड्यात आप्पा माझ्या घरी आले. बायकोनं पाणी दिलं, ते प्याले नाहीत.

"रवी, वैशाखात मंगलला पाच वर्षं हुत्यात. घराम्होरं मांडव घालतो. गावाला जेवाण घालतो. तू बोलायचं."

"मी? आप्पा, तुमचं सगळं खोटं मी गावभर केलं. मीच का?"

"म्हणूनच. तू खरं बोलशील. आन् मी तर घरचा माणूस, मला बोलता येत न्हाय." मग त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. "ती काय पुढारी न्हवती, शहीद न्हवती. पर दोन शब्दाची तर धनी हुती का न्हाय? सांग की."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा ध्यानात आलं की मला लिहिण्यासारखं काहीच माहीत नाही. मंगलआक्का म्हणजे काय? आप्पांच्या घरी गेलं की ज्या बाजूनं चहा येतो ती बाजू. चाळीस पावलांवर घर, चाळीस वर्षं शेजार, आणि मला त्यांचं माहेरही ठाऊक नव्हतं. पानिपतात कुणाचा तळ कुठं होता हे मी झोपेत सांगतो. चार बाप्यांना विचारलं तर चौघंही म्हणाले, "लई शांत बाई." बाईबद्दल काही माहीत नसलं की आपल्याकडे ती शांत असते.

शेवटी बायकांकडे गेलो. आधी यशोदाबाईंकडे, आप्पांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या. त्यांनी मला तासभर सोडलं नाही.

"भूकंपाच्या टायमाला गावानं भाकऱ्या गोळा केल्या बघ. सगळ्यांनी धा-वीस दिल्या. मंगलनं सांजपास्नं दुसऱ्या दिशी ट्रक हालंपर्यंत थापल्या. दोन चुली पेटवलत्या. सगळ्या भाकरीत खर्डा घालाय लागलो तर म्हणाली, निम्म्यात गूळ घाला, बारकी पोरं बी असतील तिथं. आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं न्हवतं. हाताला फोड आलंतं तिच्या, आठ दिस पिठात हात घालता ईना."

"आणि आप्पा ट्रकबरोबर गेले ना?"

यशोदाबाईंनी तोंडाला पदर लावला. "मिरजेपतोर. तिथं भन हाय तेची. जेवला आन् यष्टीनं माघारी आला. गाडी लागती रं तेला."

म्हणजे किल्लारीही गेलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. यशोदाबाईंनी पुढं महापुराचं सांगितलं. नदीकाठची माणसं शाळेत आणून ठेवली होती, आक्का तेरा दिवस तिथं चुलीपुढं होत्या. आप्पाही होते, भाषण करायला. पूरग्रस्तांना उठून जायला दुसरी जागा नव्हती.

मंगलआक्कांची सख्खी बहीण बाळाबाई गावातच दिलेली, आप्पांच्या समोरच्या घरात. तिच्याकडेही गेलो. ती आक्का गेल्यापासून आप्पांशी एक शब्द बोललेली नव्हती. कुणी म्हणे दागिन्यावरून, कुणी म्हणे नुसताच स्वभाव. मी मांडवाचा विषय काढला तशी ती भांडी घासायला बसली आणि मी काही विचारलं की भांडं जोरात आपटायची. तिसऱ्या पातेल्याला मी उठलो.

वैशाखातला तो दिवस उजाडला. घरासमोर मांडव, मांडवात फ्लेक्स. वर मराठी, खाली कन्नड, दोन्हीकडून तक्रार नको म्हणून अक्षरं सारख्याच मापाची. फोटो कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला. आक्कांच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता, तो काही निपाणीच्या फ्लेक्सवाल्याला पुसता आला नव्हता. आयुष्यात आक्कांचा एकटीचा फोटो कुणी काढलाच नव्हता. गाव मात्र सगळं आलं. आप्पा फ्लेक्सच्या खाली सतरंजीवर बसले होते. पांढरा सदरा, नवी टोपी. त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदावर होती. अशा नजरेनं पोरं निकालाच्या दिवशी माझ्याकडे बघतात.

मी उभा राहिलो. भाकऱ्या सांगितल्या, गूळ सांगितला, हाताचे फोड सांगितले. मागच्या बाजूला बायकांत कुणीतरी नाक ओढलं. मी म्हणालो, "त्या ट्रकबरोबर आप्पा मिरजेपर्यंतच गेले, पण भाकऱ्या किल्लारीपर्यंत पोचल्या." लोक हसले. आप्पाही हसले. तेरा दिवसांचा महापूर सांगितला. आप्पांनी डोळे पुसले. मला वाटलं, जमलं. आणि जमलं असं वाटलं की वक्त्याच्या अंगात येतं, तसं माझ्याही आलं. मी आवाज चढवला.

"अशा या माउलीला शेवटचं बघायलाही हा माणूस जाऊ शकला नाही! का? तर दोन सरकारांनी रस्त्यात नाका उभा केला! त्या नाक्यानं..."

"रवी, थांब."

आप्पा उठून उभे राहिले होते. घरच्या माणसानं बोलायचं नसतं, म्हणून शेजारच्या दोघांनी त्यांचा सदरा ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"तुला मी खरं बोलाय सांगितलं हुतं. नाक्याचं खोटं हाय."

सदरा ओढणाऱ्या दोघांनी हात मागं घेतले.

"नाक्यावर मला कुणी अडीवलं न्हाय. पोलीस म्हणला, आजोबा, कागद दावा. मी दवाखान्याचा कागद दावला. तेनं सोडलं. वर म्हणला, सांभाळून जावा. कागलपतोर गेलो मी. तितं एकामागं एक ॲम्ब्युलन्स चाललेल्या. गाडी कडंला लावली. मला वाटलं, आत गेलो की मी बी मरणार. तासभर बसलो आन् घरला आलो. दुसऱ्या दिशी तर निघालोच न्हाय. दाराला कडी घालून बसलो. तिसऱ्या दिशी फोन आला." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "भ्यालो मी. बास, एवढंच हाय."

मी इतिहासाचा मास्तर. भूज तपासलं, मद्रास तपासलं, कारखान्याची पाळी तपासली. दोन मैलांवरचा नाका मी तपासला नाही. त्यावर माझा चटकन विश्वास बसला, कारण त्यात सरकारला शिव्या घालायची सोय होती. आणि त्या क्षणी मला आप्पांचा असा संताप आला की हातातला कागद त्यांच्या तोंडावर फेकावा. तीन दिवस ती बाई एकटी पडली होती. एका माणसानं जायचं होतं, एकाच ठिकाणी.

बायकांतून बाळाबाई उठली. पुरुषांच्या बाजूला येऊन आप्पांच्या पुढ्यात उभी राहिली. पाच वर्षांनी ती त्यांच्याशी बोलली, आणि आवाज जराही चढवला नाही.

"भावजी, मला ठावं हुतं. दुसऱ्या दिशी तुमच्या दाराला भायेर कुलूप न्हवतं, आतनं कडी हुती, माझ्या सोप्यातनं दिसत हुतं."

आप्पा सतरंजीवर बसले आणि खाली बघू लागले.

"त्याच दुपारी मंगलचा फोन आलता मला. नर्सबाईनं लावून दिलता. धाप लागलती, शब्द निघत न्हवता. म्हणाली, बाळे, ह्येनी खाली गेटाला आल्यात. आत सोडत न्हाईत कुणाला, उनात उभं असतील. फोन करून सांग, सावलीत बसा म्हणावं."

बाळाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"तुमी हितं समोर, आन् मी तिला काय सांगू? मी म्हणलं, व्हय गं, आत्ताच बोलले मी. सावलीतच बसल्यात. तशी म्हणाली, मग बरं. मग मी जरा डोळा लावते."